वाट मोकळी करणारा वीर

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषणाचा सारांश)



रणांगणावरील शौर्य म्हटले की शत्रूवर तुटून पडणारा योद्धा डोळ्यांपुढे उभा राहतो. आज आम्ही ज्यांचे स्मरण करीत आहोत, त्या रामा राघोबा राणे यांना परमवीरचक्र लाभले ते मात्र रस्ता मोकळा केल्याबद्दल.

त्यांचा जन्म २६ जून १९१८ चा. गाव कारवारजवळचे चेंडिया. वडील पोलीस खात्यात होते. त्यांच्या बदल्यांमुळे मुलाच्या शिक्षणास स्थैर्य लाभले नाही. १९४० मध्ये राणे खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये दाखल झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातील माघारीच्या प्रसंगी बुथिडाँग येथे मागे राहून सामग्री नष्ट करण्याचे काम त्यांच्यावर व सहकाऱ्यांवर आले. त्यांना घेऊन जाणारी जहाजे आलीच नाहीत. तेव्हा जपान्यांचा पहारा चुकवून, नदी ओलांडून ते आपल्या सैन्यास जाऊन मिळाले.

एप्रिल १९४८ मध्ये भारतीय सेना नौशेऱ्याहून राजौरीकडे निघाली. राजौरीत आक्रमकांच्या तावडीत सापडलेले नागरिक सुटकेची वाट पाहत होते. परंतु बरवालीच्या डोंगरापुढे रस्त्यात सुरुंग पेरलेले होते आणि झाडे आडवी टाकलेली होती. रणगाड्यांचीही गती खुंटली. ८ एप्रिलला सुरुंग काढण्यास प्रारंभ होताच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान कामी आले, पाच जखमी झाले. जखमींत स्वतः राणे होते; तरी ते मागे फिरले नाहीत. १० एप्रिलला, भोवती सुरुंग पेरलेला पाच पाइनवृक्षांचा अडथळा त्यांनी दोन तासांत दूर केला. ११ एप्रिलला सलग १७ तास काम चालले. १२ एप्रिलला सेना राजौरीत पोहोचली.

लढणाऱ्याच्या हाती निदान शस्त्र असते. सुरुंग काढणाऱ्याचे दोन्ही हात कामात गुंतलेले असतात. गोळीला गोळीने उत्तर देण्याची त्याला सवड नसते. तशा स्थितीत, जखम अंगावर वागवीत, दररोज पुन्हा त्याच मृत्यूसमोर गुडघे टेकून बसणे हे क्षणिक आवेशाचे काम नव्हे. त्यास विलक्षण धैर्य लागते. परमवीरचक्र हयातीत मिळविणारे ते पहिले वीर ठरले. १९९४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. २०२३ मध्ये अंदमानातील एका बेटास त्यांचे नाव देण्यात आले.

घरापासून दूर नांदणाऱ्या आपल्या मुलांना ही कथा आपण अवश्य सांगावी. मागून येणाऱ्यांसाठी वाट निर्धोक करणे हाही पराक्रमच आहे, हे त्यांना कळावे. त्या वीराच्या स्मृतीस आम्हां सर्वांचे विनम्र अभिवादन.