कै. भवरलाल जैन यांचे स्मरण


आपल्या खानदेशातील एका थोर व्यापाऱ्याचे आज आम्ही स्मरण करीत आहो. ते आपल्या धर्माचे नव्हते. परंतु शेजाऱ्याचे ऋण मानताना धर्म विचारावयाचा नसतो.

वाकोद गावी शेतकऱ्याच्या घरी १९३७ साली त्यांचा जन्म झाला. कायद्याची पदवी मिळाली, सरकारी नोकरीही चालून आली. ती नाकारून १९६३ साली घरच्या सात हजार रुपयांवर त्यांनी जळगावात रॉकेलचा धंदा मांडिला. पुढे १९७८ साली केळीच्या भुकटीचा कारखाना विकत घेऊन तेथे पपईच्या चिकापासून पपेन काढिले. मग नळ, आणि अखेरीस ठिबक सिंचन.

केळीची तहान केवढी, हे रावेर-यावलच्या मंडळींस आम्ही काय सांगावे! पाटाने सोडिलेले पुष्कळसे पाणी वाटेतच जिरे. नळीने ते थेंबथेंब मुळाशी पडू लागले. यात त्यांस नफा झाला, हे आम्ही लपवीत नाही. शेतकऱ्यास पटल्याखेरीज तो होणारही नव्हता. त्याच पैशातून गरीब मुलांकरिता शाळा निघाली, जळगावी २०१२ साली गांधीतीर्थ उभे राहिले.

दि. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी ते निवर्तले. परमेश्वर त्यांस चिरविश्रांती देवो.