कसर, बेडका आणि इंग्रजी



वैद्यकीय विद्यार्थ्यांना व्यावसायिक इंग्रजी संभाषण कसे शिकवावे, हा विषय शिवडीत मांडला जावा हे योग्यच आहे. महापालिकेचे क्षयरोग रुग्णालय येथेच आहे, आणि परळला १९२६ साली सुरू झालेले केईएम रुग्णालय व शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहे. त्या महाविद्यालयासाठी देणगी देताना विश्वस्तांनी अध्यापकवर्ग भारतीयच असावा अशी अट घातली होती. शिक्षक स्वदेशी झाले; शिक्षणाची भाषा मात्र इंग्रजीच राहिली. त्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकात, ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात मराठी व गुजराती वर्गही चालले, परंतु त्यांतून हाताखालचे दुय्यम वैद्यक घडावेत एवढीच अपेक्षा होती. भाषेची ही उतरंड अशी जुनी आहे.

तिच्या खालच्या पायरीवर आज जिल्ह्याच्या गावातून, मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी उभा असतो. वॉर्डातील फेरीच्या वेळी रुग्णाची हकीकत इंग्रजीत सादर करावयाची असते. निदान त्याच्या मनात पक्के असते, पण वाक्य जुळेपर्यंत शेजारचा बोलून मोकळा होतो, आणि अस्खलितपणालाच ज्ञान समजले जाते. ह्या विद्यार्थ्याला इंग्रजी शिकवलेच पाहिजे, आणि तेही त्याला लाज वाटू न देता. ग्रंथ, नियतकालिके, दुसऱ्या डॉक्टरास लिहावयाची चिठ्ठी, सारे त्याच भाषेत आहे. ‘इंग्रजी हटाव’ अशी घोषणा देऊन त्याची सुटका होत नाही. घोषणा देणाऱ्यांपैकी अनेकांची मुले कोणत्या शाळांत गेली, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू.

भारतीय वैद्यक परिषदेने २०१९ साली लागू केलेल्या अभ्यासक्रमात आरंभीचा एक महिना पायाभूत शिक्षणासाठी ठेवला. त्यात भाषा व संगणक ह्यांसाठी चाळीस तास होते, आणि भाषांमध्ये इंग्रजीबरोबर स्थानिक भाषाही होती. वृत्ती, नीती व संभाषण ह्यांचा स्वतंत्र भागही आला. तरतूद चांगली होती. परंतु ‘संभाषण’ म्हणजे इंग्रजी, असा अर्थ घेतला की घोटाळा सुरू होतो.

क्षयाचा रुग्णच पाहा. “ताप येतो का?” असे विचारले तर तो “नाही” म्हणतो, आणि ते खोटे नसते. त्याला ताप नसतो, संध्याकाळी अंगात कसर असते. पुस्तकात ज्याला सायंकाळी तापमान चढणे म्हटले आहे, तेच हे. पण ‘कसर’ हा शब्द ज्याला ठाऊक नाही, त्याच्या केसपेपरावर ‘ताप नाही’ अशी नोंद होते. पुढे त्याला तपासणीसाठी “थुंकी द्या” असे सांगितले जाते. तो इमानाने थुंकी देतो. हवा असतो छातीतून खाकरून काढलेला बेडका. लाळेत जंतू सापडण्याची शक्यता कमी, म्हणून अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो आणि रोगी समाधानाने खोलीवर परततो. त्या खोलीत आणखी सहा-सात माणसे राहत असतील, तर ह्या एका शब्दाची किंमत त्यांनाही चुकवावी लागते.

उपचार सुरू झाल्यावरही तेच. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी होते. हे आधी सांगितले नाही, तर औषध शरीरात विष कालवीत आहे असे समजून मनुष्य गोळ्या टाकून देतो. साध्या क्षयाचाही उपचार किमान चार ते सहा महिने चालतो. मध्येच सोडला, तर औषधांना न जुमानणारा क्षय उद्भवण्याचा धोका असतो. असा रुग्ण परत आला की केसपेपरावर शिक्का बसत असे: ‘डिफॉल्टर’, म्हणजे कर्ज बुडवणाऱ्यास लावतात तोच शब्द! जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या व्याख्यांत तो काढून ‘पाठपुराव्यातून सुटलेला’ अशा अर्थाची संज्ञा घेतली, आणि ‘संशयित’ हा शब्दही वगळला. व्यावसायिक इंग्रजी शिकवावयाचे, तर आरंभ येथून करावा. केसपेपरावरील कोणता शब्द माणसाला आरोपी बनवतो, हे व्याकरणाइतकेच महत्त्वाचे आहे.

वर्ग मात्र दुहेरी हवा. विद्यार्थ्याने हकीकत मराठीत किंवा हिंदीत घ्यावी, इंग्रजीत सादर करावी, आणि निदान व औषधांची माहिती पुन्हा रुग्णाच्या बोलीत सांगावी. गुण तिन्ही टप्प्यांना असावेत. तिसऱ्या टप्प्याचे गुण देण्यापूर्वी रुग्णाला विचारावे: गोळ्या किती, केव्हा आणि कोणत्या महिन्यापर्यंत घ्यावयाच्या? अशा परीक्षेत आजवर गप्प राहिलेला तो जिल्ह्याचा मुलगा पहिल्या टप्प्यालाच पुढे असेल. कसर म्हणजे काय, हे त्याच्या आजीने त्याला कधीच शिकवलेले असते.