‘माझी आई’ आणि इंग्रजीचा तास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या सायंवर्गात मुलांना इंग्रजी कसे शिकवावे, यावर मी बोलावे अशी आज्ञा झाली आहे. एकतीस वर्षे मी इंग्रजीचीच मास्तरीण होते, तेव्हा नाही म्हणायची सोय उरली नाही. पण प्रारंभी माझीच एक चूक सांगते.

नोकरीच्या सुरुवातीला मी सिन्नरकडे एका शाळेत होते. सातवीच्या वर्गाला ‘माय मदर’ हा निबंध घातला. गाईडमधली आई आपणां सर्वांच्या ओळखीची आहे. ती पहाटे उठते, डबे करते, सर्वांवर माया करते आणि गृहिणी असते. निम्म्या वर्गाने तीच आई उतरवून आणली. एका मुलीने मात्र स्वतःची आई लिहिली. आई विड्या वळते. तिच्या हातांना तंबाखूचा वास येतो. म्हणून धाकट्याला भरवण्याआधी ती तीनदा हात धुते. आता इंग्रजी म्हणाल तर एक वाक्य धड नव्हते. क्रियापद एकीकडे, कर्ता दुसरीकडे. मी तांबड्या शाईने पान रंगवले आणि दहापैकी दोन गुण दिले. गाईडवाल्यांना आठ मिळाले होते. पुढच्या चाचणीत त्या मुलीनेही गाईडातली आई घोकून लिहिली आणि सात गुण मिळवले. मुलगी सुधारली म्हणून मला आनंद झाला होता, हे आज सांगताना लाज वाटते.

पुढे कित्येक वर्षांनी ‘टीचर’ नावाचे पुस्तक हाती आले. लेखिका न्यूझीलंडच्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर. जन्म १९०८ चा, आईही शिक्षिका, घरी भावंडांची रांग आणि पैशाची ओढ. ही बाई हेस्टिंग्ज गावाजवळच्या फर्नहिल येथील शाळेत लहान मुलांना शिकवी. त्यांत बरीच मुले माओरी, म्हणजे त्या देशाच्या मूळ रहिवाशांची. सरकारने दिलेल्या वाचनपुस्तकांत ‘जॅनेट आणि जॉन’ ही टापटीप भावंडे होती. त्यांच्या घरात ना भांडण, ना भूत, ना कोणाची भीती. माओरी मुलांना त्या घरात शिरताच येईना.

तेव्हा बाईंनी पुस्तक बाजूला ठेवले. एकेका मुलाला जवळ बोलावून त्या विचारीत, “तुला आज कोणता शब्द हवा?” मूल जो शब्द सांगेल तो जाड पुठ्ठ्याच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्या हाती देत. कोणी ‘भूत’ मागे, कोणी ‘मुका’, कोणी ‘आई’. दुसऱ्या दिवशी सकाळी साऱ्या पट्ट्या चटईवर ओतायच्या आणि ज्याने त्याने आपापल्या हुडकून काढायच्या. ओळखता आली नाही ती पट्टी फेकून द्यायची. तो शब्द मनातला नव्हताच, असा हिशेब. जी मुले ‘कम’ आणि ‘लुक’ यांवर महिनोन्‌महिने अडत, ती ‘भूत’ हा शब्द एकदा पाहून विसरत नसत.

पुढे मुले रोज स्वतःचे दोन-चार शब्द लिहू लागली आणि तेच लिखाण वर्गाचे वाचनपुस्तक झाले. त्यांत बापाचे दारू पिणे येई, घरातली मारहाण येई. बाई मजकुराला नाक मुरडीत नसत. मुलाच्या घरापासून परक्या भाषेपर्यंत जाणारा पूल म्हणून त्या या लिखाणाकडे पाहत. मला तर वाटते, साहित्य म्हणतात ते दुसरे काय? छापील गोष्टी आणि कविता मागून याव्यात, त्याही अवश्य याव्यात. पण ज्याला आपल्या घराचे चार शब्द त्या भाषेत ठेवता आले, त्यालाच दुसऱ्याच्या घरात डोकवावेसे वाटते.

‘टीचर’ १९६३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि बाईंचे नाव जगभर झाले. त्यांना डोक्यावर घेऊन नाचावे असे मात्र मी म्हणत नाही. स्वतःविषयी लिहिताना त्या रंग चढवीत, हे त्यांच्या चरित्रातही आले आहे. शिवाय त्यांचा पूल शेवटी इंग्रजीकडेच जात होता. माओरी भाषा त्या वेळी घराघरांतून ओसरत चालली होती. शाळेत ती बोलली म्हणून पूर्वी मुलांनी मारही खाल्ला होता. ती पुन्हा मुलांच्या तोंडी यावी म्हणून १९८२ साली माओरी समाजाने ‘कोहंगा रेओ’, म्हणजे भाषेची घरटी, या नावाच्या बालवाड्या सुरू केल्या. तेथे आज्या-आजोबा नातवंडांशी फक्त माओरीत बोलत. आपल्या मंडळातल्या आजीबाईंनी हे जरूर लक्षात घ्यावे. गोष्टी मराठीतच सांगा, इंग्रजीची काळजी आम्ही वाहू.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. “परीक्षेत गाईडच लागते,” असे पालक मला ऐकवतात. लागते ना. व्याकरणही लागते, शुद्धलेखनही लागते आणि मी ते सोडलेले नाही. फक्त तांबडी शाई आता उशिरा काढते. आधी मुलाला काय म्हणायचे आहे ते पुरते ऐकून घेते, मग क्रियापद जागेवर बसवते.

गेल्या जूनपासून आपल्या सायंवर्गात आम्ही या पट्ट्या करून पाहत आहोत. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापल्या आणि चपलांच्या खोक्यात ठेवल्या. मंडळाला खर्च शून्य. पहिल्या आठवड्यात ‘टँकर’ हा शब्द चौघांनी मागितला. एकीने ‘मावशी’ला इंग्रजी शब्द विचारला. ‘आंट’ सांगितल्यावर म्हणाली, “ते काकूला पण म्हणतात, मला मावशीच पाहिजे.” तेव्हा ‘मावशी’ हाच शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून दिला. दुसरीतला एक मुलगा तीन दिवस काही मागेना. चौथ्या दिवशी हळूच म्हणाला, “ओव्हरटाइम.” वडील सातपूरच्या कारखान्यात आहेत. एवढे लांबलचक स्पेलिंग याला कसे झेपणार, असे मनात आले, पण लिहून दिले. दुसऱ्या दिवशी चटईवर ओतलेल्या साठ-सत्तर पट्ट्यांतून त्याने तीच आधी उचलली.