जीपगाडीला दुसरी बॅटरी : गरज किती, जोडणी कशी?



आज आपण चारी चाकांना जोर असणाऱ्या गाडीत, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या फोर-व्हील जीपमध्ये, दुसरी बॅटरी कशी बसवायची याचा विचार करणार आहोत. हर्णे, पाजपंढरी, आंजर्ले, मुरूड या आपल्या पट्ट्यात अशी गाडी चैनीसाठी कोणी घेत नाही. बर्फ न्यायचा, मासळी आणायची, एप्रिल-मे महिन्यांत बागेतून आंब्याच्या पेट्या काढायच्या, वाळूतून आणि चढणीच्या लाल मातीतून वाट काढायची, यासाठी ती असते. ही कामं बऱ्याच वेळा रात्री किंवा पहाटे चालतात. मासळी उतरवताना, पेट्या भरताना गाडी तासन् तास उभी असते, इंजिन बंद असतं, आणि दिवे मात्र चालू असतात. मोबाइल लावलेला असतो, वायरलेसचा संच लावलेला असतो. सगळं आटोपल्यावर चावी फिरवावी तर सेल्फ नुसता टकटक करतो. बॅटरी उतरलेली असते.

गावातल्या रस्त्यावर हे झालं तर चार माणसं धक्का देतात. पण गाडी ओल्या वाळूत असेल आणि भरती चढत असेल, तर धक्का कोण देणार? वाळूत धक्क्यानं गाडी सुरू होत नाही. म्हणून आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो. इंजिन सुरू करणारी बॅटरी ही राखीव धान्यासारखी आहे, तिला दुसऱ्या कोणत्याही कामाला हात लावू द्यायचा नाही. दिवे आणि इतर कामं यांच्यासाठी दुसरी बॅटरी.

दोन बॅटऱ्यांची दोन कामे

गाडीच्या मूळ बॅटरीत शिशाच्या पातळ पट्ट्या पुष्कळ असतात. डिझेल इंजिन फिरवायला दोन-तीन सेकंद दोन-तीनशे अँपिअर लागतात, तेवढा झटका ती देते आणि लगेच परत भरून घेते. पण तिला हळूहळू तळापर्यंत रिकामी केली, तर ती फार दिवस टिकत नाही. कामाची बॅटरी याच्या उलट हवी. तिच्या पट्ट्या जाड असतात, थोडा थोडा प्रवाह बराच वेळ देणं तिला जमतं. सोलर दिव्यांसाठी किंवा यूपीएससाठी जी सीलबंद बॅटरी मिळते, ती या कामाला बरी. घरच्या इन्व्हर्टरची उंच बॅटरी गाडीत घालू नका. ती जड असते, आणि खाचखळग्यात तिचं आम्ल सांडतं.

किती मोठी घ्यावी?

याचा हिशेब सोपा आहे. समजा, सगळे दिवे आणि संच मिळून ६० वॅट खर्च होतो. ६० ला १२ व्होल्टनी भागा, ५ अँपिअर आले. रात्रीचे आठ तास धरले तर ४० अँपिअर-तास झाले. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं. म्हणजे ४० लागत असतील तर ८० ची हवी, आणि जुनी होत जाते म्हणून १०० ची घ्यावी. आता हेच ४० अँपिअर-तास मूळच्या ६५ च्या बॅटरीतून काढले तर मागे २५ राहतात. पहाटे सेल्फ का फिरत नाही, ते यात आलं.

बॅटरीची स्थिती पाहायला साधा मीटर पुरतो. गाडी काही तास उभी असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ दाखवले तर निम्मी. ११.८ च्या आसपास आली तर ती रिकामीच समजा.

जोडणी

आता तुम्ही म्हणाल, दोन्ही बॅटऱ्या वायरीनं एकत्र जोडून टाकल्या म्हणजे झालं. तसं नाही. कायमच्या जोडून ठेवल्या तर दोन्ही एकदमच उतरतात, आणि आपण होतो तिथेच राहतो. दुसरी चूक याहून वाईट. ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या एकीची अधिक बाजू दुसरीच्या उणे बाजूला जोडून २४ व्होल्ट करतात. १२ व्होल्टच्या जीपला तशी जोडणी केली तर दिवे आणि यंत्रणा जळेल. आपल्याला अधिकला अधिक आणि उणेला उणे अशी जोडणी हवी, आणि अधिकच्या वायरीत मध्ये एक रिले हवा.

हा रिले व्होल्ट पाहून काम करतो. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटरनं मूळ बॅटरी भरत आणली, व्होल्ट साधारण १३.३ झाले, की तो दुसरी बॅटरी जोडतो. इंजिन बंद पडून व्होल्ट १२.८ च्या आसपास उतरले की तोडतो. माणसाला काही लक्षात ठेवावं लागत नाही. हातानं फिरवायचा स्विच स्वस्त पडतो, पण दमलेल्या माणसाकडून तो एखाद्या रात्री तसाच राहतो.

एक सूचना. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर संगणकाच्या हुकमावर चालतो आणि व्होल्ट मध्येच खाली आणतो. अशा गाडीला साधा रिले पुरत नाही, दुसऱ्या बॅटरीसाठी वेगळा डीसी-टू-डीसी चार्जर बसवावा लागतो. लिथियमची बॅटरी घ्यायची असेल तरीही तोच हवा. नवी गाडी वॉरंटीत असेल तर आधी विक्रेत्याला विचारा, मग वायरीला हात लावा.

वायर आणि फ्यूज

बंधूंनो, इथे काटकसर करू नका. बॅटरी दिसायला शांत, पण तिची वायर गाडीच्या पत्र्याला घासून उघडी पडली तर शेकडो अँपिअर वाहतात, वायर लाल होते आणि गाडी पेटते. म्हणून दोन बॅटऱ्यांमधली वायर तांब्याची, २५ चौरस मिलिमीटरची घ्या. तिच्या दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, १०० अँपिअरचा फ्यूज घाला. दोन्ही टोकांना का? कारण वीज दोन्ही बाजूंनी येऊ शकते. एकच फ्यूज घातला तर दुसऱ्या बाजूची बॅटरी मोकळीच राहते. रिले त्या फ्यूजपेक्षा जास्त क्षमतेचा असावा. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी बूच घाला. दिव्यांच्या वायरींना त्यांचे वेगळे, लहान फ्यूज हवेत.

काम करताना क्रम पाळा. काढताना उणे बाजू, म्हणजे अर्थ, आधी. जोडताना अर्थ शेवटी. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ उतरवून ठेवा.

जागा

१०० अँपिअर-तासाची बॅटरी सुमारे ३० किलो भरते. ती दोरीनं बांधून चालणार नाही. लोखंडी चौकट करून, वर पट्टी टाकून, बोल्टनं गाडीच्या सांगाड्याला आवळा. चार्ज होताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो ठिणगीनं भडकतो. सीलबंद बॅटरीतून कमी निघतो इतकंच. तेव्हा मागे पेटीत बॅटरी ठेवलीत तर पेटीला वरच्या बाजूला हवा जायला वाट ठेवा, आणि जवळ विडी-सिगारेट नको.

खारा वारा

हर्ण्याच्या वाऱ्यात मीठ आहे. टर्मिनलवर हिरवा-पांढरा थर चढला की व्होल्ट वाटेतच अडतात. महिन्यातून एकदा अर्थ काढून, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून टर्मिनल धुवा, कोरडी करा, आवळा आणि वर व्हॅसलिन लावा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. मूळची बॅटरी झाकणाची असेल तर तीत फक्त बॅटरीचं शुद्ध पाणी घाला, विहिरीचं नको.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हर्णे ते दापोली अंतर सुमारे १५-१६ किलोमीटर. अर्ध्या तासाच्या या फेरीत रात्री काढलेले ४० अँपिअर-तास परत भरत नाहीत. शिशाची बॅटरी शेवटचा हिस्सा फार सावकाश घेते. म्हणून आठवड्यातून एकदा रात्रभर घरच्या चार्जरवर लावा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत गाडी उभी राहते. तेव्हाही महिन्याला एकदा दोन्ही बॅटऱ्या भरून ठेवा. रिकामी ठेवलेली बॅटरी आतून खराब होते.

वादळाच्या दिवशी

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगड तालुक्यांत खांब पडले, झाडं आडवी झाली, आणि कित्येक गावांना पुष्कळ दिवस वीज नव्हती. अशा वेळी गाडीतल्या दुसऱ्या बॅटरीवर वाडीतले मोबाइल भरता येतात, रात्री दिवा लावता येतो, आणि एवढं करूनही आजारी माणसाला दापोलीला न्यायची वेळ आली तर गाडी सुरू होते. हाच दोन बॅटऱ्यांचा खरा उपयोग.

ट्रॉलरवाल्या बंधूंनाही हाच नियम. इंजिनाची बॅटरी वेगळी, आणि दिवे, जीपीएस, वायरलेस वेगळ्या बॅटरीवर. समुद्रात इंजिन बंद पडलं तरी वायरलेस बोलता राहिला पाहिजे. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४ आहे, तो प्रत्येक तांडेलाला पाठ हवा.

शेवटी एवढंच सांगतो. दुसरी बॅटरी आहे म्हणून भरतीच्या वेळी गाडी पुळणीवर नेऊ नका. रुतलेलं चाक बॅटरीनं निघत नाही. भरती-ओहोटीची वेळ पाहून जा, गाडीचं तोंड गावाकडे करून उभी करा, आणि जाड जंपर वायर गाडीत ठेवा. जोडणी जाणत्या वायरमनकडून करून घ्या. पण दोन्ही टोकांचे फ्यूज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गॅरेजमधून गाडी बाहेर काढू नका.