न घेतलेला जनमत कौल

(शेतकरी व मच्छीमार बांधवांच्या मेळाव्यात झालेले भाषण)



शेतात पेरणीची घाई आहे, होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांखाली झाकायच्या आहेत. तरी तुम्ही वेळ काढून आलात, त्याबद्दल आभार. आज मी एका दूरच्या मुलखाची हकीकत सांगणार आहे. मुलूख दूरचा असला तरी हकीकत मासळीची आहे, खताची आहे आणि कौलाची आहे. ह्या तिन्ही गोष्टी तुम्हांला माझ्याहून अधिक कळतात.

आफ्रिका खंडाच्या वायव्य किनाऱ्यावर पश्चिम सहारा नावाचा प्रदेश आहे. क्षेत्रफळ सुमारे 2,66,000 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून थोडे कमी. पाऊस नावापुरता. तिथले सहारावी लोक उंट-शेळ्या घेऊन चाऱ्या-पाण्यामागे फिरणारे. 1884 साली स्पेनने ह्या किनाऱ्यावर हक्क सांगितला. पुढे स्पेन आणि फ्रान्स ह्यांनी आपसात करार करून नकाशावर रेघा ओढल्या. ज्यांच्या उंटांच्या वाटा त्या रेघांनी तोडल्या, त्यांना कोणी विचारले नाही.

वाळवंट घेऊन स्पेनला काय मिळाले? आधी मिळाली मासळी. त्या किनाऱ्याला समुद्राच्या तळाचे थंड पाणी वर येते, आणि त्याबरोबर माशांचे खाद्य. म्हणून तिथे तारल्यांचे मोठे थवे लागतात. शेजारच्या कॅनरी बेटांवरचे मच्छीमार त्याच पाण्यात येत. मग सापडले फॉस्फेट, ज्यापासून तुमच्या शेतात पडणारे खत होते. बू क्राआ येथे मोठी खाण निघाली. तेथून समुद्रापर्यंत माल न्यायला सुमारे 100 किलोमीटर लांबीचा सरकता पट्टा बांधला. पेडण्याहून काणकोणला जावे इतका लांब! 1972 पासून तो माल परदेशी जाऊ लागला.

1958 साली स्पेनने एक युक्ती केली. सहारा ही आमची वसाहत नाहीच, तो आमचा प्रांतच आहे, असे जाहीर केले. ही युक्ती आपल्या ओळखीची आहे. सालाझारने 1951 मध्ये हेच केले होते. गोव्याला ‘समुद्रापलीकडचा प्रांत’ म्हटले की राष्ट्रसंघाला जाब द्यावा लागणार नाही, हा त्यातला हिशेब होता. नाव बदलले, पण गोऱ्या साहेबाची खुर्ची तिथेच राहिली.

सहारावी तरुणांनी आधी शांततेची वाट धरली. 17 जून 1970 रोजी एल आयुन शहराच्या झेमला भागात लोक जमले आणि त्यांनी आपले मागणे मांडले. स्पेनच्या सैन्याने गोळीबार केला. चळवळीचा पुढारी बसिरी ह्याला पकडून नेले. तो पुन्हा कोणाला दिसला नाही. 10 मे 1973 रोजी पोलिसारिओ ही संघटना उभी राहिली आणि दहा दिवसांत तिची पहिली चकमक झाली.

जगाच्या दडपणाने स्पेन नमले. जनमत घेऊ, असे त्याने कबूल केले आणि 1974 मध्ये शिरगणती केली. सुमारे 74,000 सहारावींची नोंद झाली. कौल दारात आला होता. पण उत्तरेकडून मोरोक्को म्हणाला, स्पेन येण्यापूर्वी हा मुलूख आमच्या सुलतानाचा होता. दक्षिणेकडून मॉरिटानियानेही हक्क सांगितला. वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. 16 ऑक्टोबर 1975 रोजी न्यायालयाने मत दिले: काही टोळ्यांचे सुलतानाशी इमानाचे नाते होते हे खरे, पण त्यामुळे भूमीवर मालकी सिद्ध होत नाही, आणि लोकांना आपले भवितव्य ठरवू देण्याच्या आड ते नाते येऊ शकत नाही.

ह्यानंतर काय घडले ते नीट ऐका. 6 नोव्हेंबरला मोरोक्कोच्या राजाने साडेतीन लाख माणसांचा मोर्चा सरहद्दीपलीकडे पाठवला. मोजलेल्या सहारावींच्या साडेचार पटींहून अधिक माणसे! स्पेनचा हुकूमशहा फ्रँको तेव्हा मरणपंथाला लागला होता. 14 नोव्हेंबर 1975 रोजी माद्रिदमध्ये करार झाला आणि स्पेनने मुलखाचा कारभार मोरोक्को व मॉरिटानिया ह्यांच्या हाती दिला. खाणीतला 35 टक्के हिस्सा मात्र स्पेनने ठेवून घेतला. त्या बैठकीत एकही सहारावी प्रतिनिधी नव्हता. भाटकाराने भाट विकावे आणि त्यावर राहणाऱ्या मुंडकाराला दुसऱ्या दिवशी रस्त्यात कळावे, तसे झाले.

27 फेब्रुवारी 1976 रोजी पोलिसारिओने सहारावी प्रजासत्ताकाची घोषणा केली. पण तोवर हजारो कुटुंबे पायी, मिळेल त्या वाहनाने पळत सुटली होती. वाटेत त्यांच्या तळांवर विमानांतून बॉम्ब पडले. जे वाचले ते अल्जीरियात तिंदूफच्या माळावर पोचले. आजही तिथल्या छावण्यांत दीड लाखाहून अधिक लोक राहतात. त्या छावण्यांना त्यांनी मागे राहिलेल्या आपल्या गावांची नावे दिली आहेत: एल आयुन, स्मारा, दाख्ला. पुरुष लढाईवर असताना छावण्यांचा कारभार, शाळा, शिधावाटप हे सगळे बायकांनी उभे केले. 1979 मध्ये मॉरिटानियाने हक्क सोडला. मोरोक्कोने 1980 नंतर वाळूची भिंत घालत नेली. ती 2,000 किलोमीटरहून लांब आहे आणि तिच्या पुढे सुरुंग पेरलेले आहेत. खाण आणि जवळजवळ सगळा किनारा भिंतीच्या आत राहिला.

1991 साली युद्ध थांबले. राष्ट्रसंघाने जनमत घेण्याचे वचन दिले. 1992 च्या जानेवारीत मतदान व्हायचे होते. ते अडले यादीवर. मतदार कोण? शिरगणतीत नोंदलेला, की मागून आलेलाही? वर्षे यादी तपासण्यात गेली. मोरोक्कोने 2007 मध्ये स्वायत्ततेची योजना पुढे केली. पोलिसारिओ म्हणते, स्वातंत्र्याचा पर्याय असलेला कौलच हवा. नोव्हेंबर 2020 मध्ये युद्धविराम मोडला. 2025 च्या ऑक्टोबरात सुरक्षा परिषदेने मोरोक्कोची योजना हाच वाटाघाटीचा पाया मानला. मतदान आजवर झालेले नाही.

पण मासळी आणि फॉस्फेट थांबलेली नाहीत. 2017 साली बू क्राआचे सुमारे 50,000 टन फॉस्फेट घेऊन न्यूझीलंडला निघालेले जहाज दक्षिण आफ्रिकेच्या बंदरात अडवले गेले. पुढच्या वर्षी तिथल्या न्यायालयाने सांगितले, हा माल सहारावींचा. युरोपच्या बोटी त्या समुद्रात मासे धरत होत्या म्हणून पोलिसारिओ युरोपच्या न्यायालयात गेली. 4 ऑक्टोबर 2024 रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने ठरवले की सहारावी जनतेच्या संमतीविना केलेले मोरोक्कोबरोबरचे मासेमारीचे आणि व्यापाराचे करार चालणार नाहीत. परक्या ट्रॉलरनी किनारा खरवडला म्हणजे रापणीत काय येते, हे मी तुम्हांला सांगायला नको.

आपल्या देशानेही ह्यात दोन पावले टाकली. 1985 साली भारताने सहारावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली आणि 2000 साली ती काढून घेतली. आपल्या शेतांना लागेल एवढे फॉस्फेट आपल्या जमिनीत निघत नाही आणि मोरोक्को हा आपला मोठा पुरवठादार आहे. दोन्ही गोष्टी मी तुमच्यापुढे ठेवतो. खताची पिशवी फोडताना त्यांचा विचार करा.

आता आपल्या घरचे एक. 16 जानेवारी 1967 रोजी गोव्यात जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मते पडली, विरुद्ध 1,72,191. आपली बाजू हरली. कित्येक घरांत त्या रात्री चूल पेटली नाही. पण आपल्या वाडवडिलांचे नाव यादीत होते, त्यांच्या हातात मतपत्रिका पडली, पेटी फुटली, मोजणी झाली. ते हरले ते आपल्याच माणसांकडून. तिंदूफच्या छावणीत जन्मून तिथेच नातवंडे पाहणाऱ्या सहारावी म्हातारीला हरण्याचीदेखील संधी मिळालेली नाही.

म्हणून माझे मागणे एवढेच. उद्या तुमच्या खाजणावर, तुमच्या रेतीवर, तुमच्या खाडीवर कोणी कागद घेऊन आला, तर पैसे किती हे विचारण्याआधी विचारा: हे ठरवले तेव्हा आमच्यातले कोण हजर होते? आणि ग्रामसभेला जा. यादीत आपले नाव आहे की नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.