राजीखुशीने



“मी काय तुमची बटीक आहे का?” हे वाक्य या मांडवातल्या प्रत्येकाने आपल्या घरात ऐकलं आहे. बटीक म्हणजे दासी, विकली जाणारी, विकत घेता येणारी बाई. पेशवाईच्या कागदांत बटकी आणि कुणबिणी जागोजाग भेटतात. त्यांची किंमत रुपयांत लिहिलेली असते. बाईवर बदकर्माचा आळ आला की सरकार तिला दासी करी आणि कोठीत, पागेत नाहीतर किल्ल्यावर कामाला लावी. लिहिणाऱ्या कारकुनाचा हात कुठे अडखळलेला दिसत नाही. बैल, धान्य, कुणबीण, पुढचं कलम.

मी तीस वर्षं शिकवलं. एका वर्षी मनुस्मृतीचा आठवा अध्याय आणि जोतीरावांची ‘गुलामगिरी’ वर्गात शेजारी शेजारी ठेवून वाचून घेतली. तक्रारी दोन्हीकडून आल्या. एक म्हणाले, ही आमच्या धर्माची बदनामी आहे. दुसरे म्हणाले, जो ग्रंथ बाबासाहेबांनी जाळला तो आमच्या पोरांच्या हातात देताच कसा? तेव्हा मला गप्प बसवलं गेलं. आज मी या सभेचा अध्यक्ष आहे, आणि मला या दोघांशीही भांडायचं आहे.

पहिल्यांना आधी सांगतो. बदनामी मी केली नाही, मी फक्त वाचून दाखवलं. त्या अध्यायात दासांचे सात प्रकार मोजले आहेत: लढाईत धरलेला, पोटासाठी राबणारा, घरात जन्मलेला, विकत घेतलेला, कुणी दिलेला, वाडवडिलांकडून आलेला आणि दंडापोटी झालेला. त्याच्या आदल्याच श्लोकात म्हटलं आहे की मालकाने सोडलं तरी शूद्राचं दास्य सुटत नाही, कारण ते त्याच्या जन्मासोबतच येतं. नारदस्मृती तर पंधरा प्रकार मोजते. ‘आपल्याकडे गुलामगिरी नव्हतीच’ असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हा हिशेब आधी खोडून दाखवावा.

आता दुसऱ्यांशी, आणि इथे माझा आवाज चढला तर चढू द्या, कारण ही माझी माणसं आहेत. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. पण जाळणारा माणूस कोण होता? एल्फिन्स्टन हायस्कुलात ज्याला संस्कृत घेऊ दिलं नाही म्हणून फारशी घ्यावी लागली, आणि तरीही ज्याने ते सगळे ग्रंथ पानन् पान चाळून काढले, तो माणूस. महाडनंतर 19 वर्षांनी, 1946 मध्ये, शूद्र कोण होते यावर त्याने अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यात विरोधकांचं एकेक वचन उलटसुलट करून तपासलं. त्याची काडी तेवढी घ्यायची आणि त्याचं वाचन टाकून द्यायचं, हे मला मान्य नाही.

जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ काढली आणि ती अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, काळ्या माणसांना दास्यातून सोडवल्याबद्दल. पुण्यात बसलेल्या त्या माणसाने दोन्हीकडचं दास्य एक आहे हे ओळखलं होतं. मग त्या दास्याचं समर्थनही एकसारखंच निघालं तर नवल काय? 4 मार्च 1858 रोजी जेम्स हॅमंड नावाच्या सिनेटरने वॉशिंग्टनमध्ये भाषण केलं. कापूस हाच राजा आहे, असं तो म्हणाला. आणि प्रत्येक समाजाला हलकी कामं करणारा, घराच्या पायातल्या लाकडासारखा खाली दबलेला एक वर्ग लागतोच, असंही म्हणाला. कपाशीच्या शिवारात वाढलेल्या माणसांनो, हे परकं वाटतं का? सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने 1851 मध्ये त्याहून पुढची मजल मारली. गुलाम पळून जातो हा त्याला झालेला रोग आहे, असं त्याने लिहिलं आणि त्या रोगाला नावही दिलं.

काही माणसं निसर्गतःच दास असतात, असं ॲरिस्टॉटल म्हणून गेला. त्याला उत्तर द्यायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जायला नको. हबसाणातून विकला जात जात दख्खनेत आलेल्या मलिक अंबराने 1610 मध्ये खडकी वसवली. तेच आपलं जिल्ह्याचं शहर.

दास्याचं समर्थन करणारं हे सगळं लिखाण शिवीगाळ करत नाही, म्हणून ते वाचायला शिकावं लागतं. ते मायेने बोलतं. मालक बापासारखा आहे म्हणतं, मोकळा सोडला तर उपाशी मरेल म्हणतं.

माझे वडील सालदार होते. आखाजी ते आखाजी साल, उचल आधी, काम नंतर, आणि उचल फिटली नाही की पुढचं सालही त्याच वाड्यावर. 1843 च्या पाचव्या कायद्याने कंपनीच्या कोर्टांनी गुलामगिरीला मान्यता देणं बंद केलं, पण आपण पडलो निजामाच्या मुलखात. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आला 1976 मध्ये. त्याच्या आधीची एक चिठ्ठी वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत सापडली. रेघांचा कागद, जांभळी शाई, चार ओळी. बायको सरकी काढायला येईल, पोरगा गुरांमागे जाईल, खाडा पडला तर पैसे कापावेत. आणि शेवटी, सुंदर वळणदार अक्षरात: राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले.

वडिलांना अक्षर येत नव्हतं. पोरगा म्हणजे मी. माझं वय तेव्हा नऊ होतं.

ते ‘राजीखुशीने’ कुठून आलं, हे मला आठवा अध्याय आणि हॅमंड वाचल्यावर कळलं, त्याआधी नाही. त्याआधी मला वाटायचं, बापच खुशीने गेला असेल. कित्येक वर्षं मी त्याच्यावर रागावलेला होतो.

चिठ्ठी मी आणली आहे. या टेबलावर काचेखाली ठेवली आहे. वाडेवाल्याचं नाव मी कागदाने झाकलं आहे, अंगठा झाकलेला नाही. भाषण झाल्यावर पोरांना पुढे पाठवा, त्यांना ती मोठ्याने वाचू द्या.