शाळेतील श्वान



हैदराबादेस नारायणगुड्यात कुत्र्याचे नाव काढताच पालकांना तेथील इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिन आठवते. कुत्रा चावला की रेबीजची लस घेण्यास माणसे तेथे धाव घेतात. अशा वस्तीत शाळेत श्वान आणावा म्हटल्यास भय वाटणारच, व ते अनाठायी नव्हे.

तथापि न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी १९६२ साली लिहून ठेविले आहे की, अबोल मूल त्यांच्याआधी त्यांच्या जिंगल्स नामक श्वानाशी जवळीक करी. मुंबईत मीनल कविश्वर यांच्या ॲनिमल एंजल्स संस्थेने असे श्वान शाळांतून नेले. श्वान उच्चाराच्या चुका काढीत नाही, गुणपत्रिकाही मागत नाही! मात्र तो लस टोचलेला, शिकविलेला हवा. पट्टा जाणत्याच्या हाती हवा, आणि भिणाऱ्या मुलास जवळ जाण्याची सक्ती नको.